'कॉल्ड ॲज' परत परत का येतं? नाव देणाऱ्या इंग्रजी क्रियापदांची दुरुस्ती

"धिस पार्ट इज कॉल्ड ॲज अ व्हॉल्व्ह."

हे किंवा याच घाटाचं वाक्य माझ्यासमोर जवळजवळ रोज येतं. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांचा मजकूर तपासणं हे माझं काम. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, प्रकल्पांचे अहवाल, सॉफ्टवेअरमधल्या सूचना असं सगळं येतं. लिहिणाऱ्यांचा विषय पक्का असतो, काळ चुकत नाहीत, एकवचन-अनेकवचन चुकत नाही. पण वस्तूला नाव द्यायची वेळ आली की तोच 'ॲज' हजर. मी तो खोडते, समासात 'कॉलनंतर ॲज नको' असं लिहिते, लिहिणारा मान्य करतो आणि पुढच्या मजकुरात 'नेम्ड ॲज' येतं. ते खोडलं की 'टर्म्ड ॲज'. मग कुणीतरी कंटाळून समानार्थी शब्दांच्या यादीतून काहीतरी भारदस्त उचलतो आणि "द फोल्डर वॉज क्रिसन्ड ॲज बॅकअप" असं वाक्य जन्माला येतं.

अनेक वर्षं मीही 'ॲज काढा' एवढंच सांगत होते. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं. खोडलेली चूक परत येते तेव्हा ती कुठून येते ते पाहायला हवं. इथे ती इंग्रजीतून येत नाही, मराठीतून येते. आणि गंमत म्हणजे तिचं औषधही मराठीतच आहे.

'म्हणून' काढून बघा

'याला व्हॉल्व्ह असं म्हणतात', 'हा भाग व्हॉल्व्ह म्हणून ओळखला जातो'. ही दोन्ही वाक्यं आपल्या तोंडी सारखीच बसलेली आहेत. त्यातला 'असं' किंवा 'म्हणून' आपण इंग्रजीत नेतो आणि त्याचा 'ॲज' होतो. इथवर बहुतेकांना कळतं. पुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही: या दोन वाक्यांतला 'असं' आणि 'म्हणून' सारख्या ताकदीचे नाहीत.

पहिल्या वाक्यातला 'असं' काढा. 'याला व्हॉल्व्ह म्हणतात.' वाक्य उभं राहिलं. दुसऱ्यातला 'म्हणून' काढा. 'हा भाग व्हॉल्व्ह ओळखला जातो.' वाक्य कोसळलं.

इंग्रजीतही नेमकं हेच होतं. म्हणणं म्हणजे 'कॉल', त्याला 'ॲज' लागत नाही: "धिस पार्ट इज कॉल्ड अ व्हॉल्व्ह." ओळखणं म्हणजे 'नो' किंवा 'आयडेंटिफाय', त्यांना 'ॲज' लागतो: "धिस पार्ट इज नोन ॲज अ व्हॉल्व्ह."

हीच कसोटी आणखी क्रियापदांवर लावून बघा. 'त्याला विजेता घोषित केलं' हे 'म्हणून' शिवाय चालतं, आणि 'डिक्लेअर्ड हिम द विनर' मध्येही 'ॲज' नाही. 'तिला अध्यक्ष निवडलं' चालतं, 'इलेक्टेड हर प्रेसिडेंट' चालतं. 'मी त्याला मित्र मानतो' चालतं, म्हणून 'आय कन्सिडर हिम अ फ्रेंड'. पण 'मी त्याच्याकडे मित्र पाहतो' हे काही मराठी नव्हे, तिथे 'मित्र म्हणून' हवंच, आणि इंग्रजीतही 'रिगार्ड हिम ॲज अ फ्रेंड'. 'त्याचं वर्णन निष्काळजी केलं' चालत नाही, म्हणून 'डिस्क्राइब्ड ॲज'. 'या भागाचा उल्लेख व्हॉल्व्ह केला' चालत नाही, म्हणून 'रेफर्ड टू ॲज'. इथे 'टू' आणि 'ॲज' दोन्ही शेजारी शेजारी बसतात. ते कितीही विचित्र दिसलं तरी एकही गाळायचा नाही.

ही कसोटी म्हणजे इंग्रजी व्याकरणाचा नियम नव्हे, कामचलाऊ हत्यार आहे. 'लेबल', 'ब्रँड', 'डेझिग्नेट', 'अपॉइंट' या चौघांत 'ॲज' असला तरी चालतो, नसला तरी चालतो, त्यामुळे तिथे कसोटीने काहीही उत्तर दिलं तरी नुकसान नाही. पण 'कॉल', 'नेम', 'टर्म', 'डब', 'क्रिसन', 'निकनेम' हे जे नेहमीचे चुकणारे आहेत, तिथे ती मला क्वचितच दगा देते. मुख्य म्हणजे ती पाठ करावी लागत नाही. 'व्हॉल्व्ह ओळखला जातो' हे वाक्य कानाला खटकतं ते आपोआप खटकतं, आणि हा कान आपल्याला घरूनच मिळालेला आहे.

'कॉल्ड ॲज' हे इंग्रजीत अजिबात नसतं, असं मात्र नाही. "शी वॉज कॉल्ड ॲज अ विटनेस" हे शुद्ध वाक्य आहे. अर्थ: तिला साक्षीदार म्हणून बोलावलं. 'कॉल' हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतल्या 'कल्ला' या मोठ्याने हाक मारण्याच्या शब्दापासून आला, आणि हाक मारणं हा अर्थ त्याच्यात अजून जिवंत आहे. म्हणून आपण 'कॉल्ड ॲज अ व्हॉल्व्ह' लिहितो तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्याला क्षणभर त्या भागाला व्हॉल्व्हच्या कामासाठी बोलावल्यासारखं वाटतं. चूक का टाळायची, याचं 'नियम आहे म्हणून' यापेक्षा हे कारण मला जास्त पटतं.

'नेम' आणि 'कॉल' एक नव्हेत

'ॲज' गेला तरी दुसरा दोष उरतो: 'नेम' आणि 'कॉल' एकमेकांच्या जागी वापरणं. यासाठी मी नेहमी एका वायूची गोष्ट सांगते.

१७७४ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगातून सूर्याची किरणं एकवटली आणि एक वायू मिळवला. त्यात मेणबत्ती झगझगीत पेटत होती. त्यांनी त्याला 'डीफ्लॉजिस्टिकेटेड एअर' म्हटलं. जळताना वस्तूंमधून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं, अशी तेव्हाची समजूत होती, आणि त्यांच्या दृष्टीने ही फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा होती. म्हणजे ते त्या वायूचं वर्णन होतं. इंग्रजीत: "प्रीस्टली कॉल्ड इट डीफ्लॉजिस्टिकेटेड एअर." कार्ल शेले यांनाही हाच वायू स्वतंत्रपणे सापडला होता, ते त्याला 'आगीची हवा' म्हणत. "शेले कॉल्ड इट फायर एअर." मग १७७७ मध्ये आंत्वान लाव्हॉझिए यांनी त्या वायूसाठी नवा शब्द घडवला, आणि तोच त्याचं नाव म्हणून कायम राहिला. "लाव्हॉझिए नेम्ड इट ऑक्सिजन."

तिघांच्या समोर वस्तू एकच. पण 'कॉल' मध्ये बोलणारा आपल्या समजुतीप्रमाणे एक शब्द वापरतो, उद्या दुसरा वापरेल, शेजारचा तिसरा वापरेल. 'नेम' मध्ये एकदा ठरवून नाव दिलं जातं आणि ते वस्तूला चिकटतं. म्हणून 'नेम' नंतर शक्यतो विशेषनाम किंवा नाव म्हणून ठरवलेला शब्दच येतो. 'कॉल' नंतर काहीही येतं: नाव, जातिवाचक नाम, विशेषण. "दे कॉल्ड द डिसिजन अनफेअर" चालतं. "दे नेम्ड द डिसिजन अनफेअर" याचा अर्थ निर्णयाचं बारसं करून त्याचं नाव 'अनफेअर' ठेवलं असा होईल.

ऑक्सिजनची गोष्ट आणखी थोडी पुढे नेते, कारण त्यात अजून एक क्रियापद दडलं आहे. लाव्हॉझिए यांनी हा शब्द ग्रीक भाषेतून घडवला, अर्थ 'आम्ल निर्माण करणारा'. सगळ्या आम्लांत हा वायू असतोच, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा ठरला. हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य आहे असं दाखवलं, आणि क्लोरीन व हायड्रोजनच्या आम्लात ऑक्सिजनचा पत्ताच नाही हे स्पष्ट झालं. नाव मात्र राहिलं. अशा चुकीच्या अर्थाच्या नावाला इंग्रजीत 'मिसनोमर' म्हणतात आणि चुकीचं नाव देण्याच्या क्रियेला 'मिसनेम'. 'रॉन्गली नेम्ड' लिहिणाऱ्यांनी हा शब्द जवळ ठेवावा.

आधी मराठी क्रियापद पकडा

मराठीत 'नाव' हे नाम तसंच राहतं आणि अर्थाचं सगळं काम त्याच्या शेजारचं छोटं क्रियापद करतं. नाव ठेवणं, नाव देणं, नाव घेणं, नाव पडणं, नाव बदलणं, नावं ठेवणं. इंग्रजीत हे काम वेगवेगळ्या क्रियापदांत वाटलेलं आहे. आपण 'नाव' हा शब्द पाहतो आणि 'नेम' लिहून मोकळे होतो, शेजारच्या छोट्या शब्दाकडे बघतच नाही. सगळी माहिती खरं तर त्यात असते.

'ठेवणं' घ्या. "वुई केप्ट द नेम ऑफ द फाइल ॲज रिपोर्ट." हे वाक्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता आधी डोळ्यांना 'केप्ट' दिसतो आणि मग बाकीचं. 'कीप द नेम' म्हणजे इंग्रजीत आधीचंच नाव कायम ठेवणं, न बदलणं. लग्नानंतर कुणी आधीचं आडनाव लावत असेल तर "शी केप्ट हर नेम". फाइलसाठी साधं "वुई नेम्ड द फाइल रिपोर्ट". चुकलेल्या वाक्याने सूचना उलटी होते, हे लक्षात घ्या: वापरणारा समजतो की फाइलचं नाव आधीच 'रिपोर्ट' होतं आणि त्याला हात लावायचा नाही.

'घेणं' वेगळं. 'तीन मूलद्रव्यांची नावं सांगा' हे "नेम थ्री एलिमेंट्स". इथे 'नेम' म्हणजे नाव देणं नव्हे, नाव सांगणं. अहवालात कुणाचं नाव आलं तर "ही वॉज नेम्ड इन द रिपोर्ट". आणि इथेच 'नेम्ड ॲज' ला खरी जागा आहे. "शी नेम्ड हिम ॲज हर सक्सेसर", म्हणजे तिने वारस म्हणून त्याचं नाव सांगितलं. "ही वॉज नेम्ड ॲज अ सस्पेक्ट", संशयित म्हणून त्याचं नाव घेतलं गेलं. बघा, मराठीतही 'म्हणून' आपोआप आला. म्हणून 'नेमनंतर ॲज कधीच नको' असा सरसकट नियम करू नका. मी एकदा तसा करून बसले होते आणि एका चांगल्या लेखकाची चार बरोबर वाक्यं बिघडवली होती. नाव ठेवलं असेल तर 'ॲज' नको, नाव घेतलं असेल तर 'ॲज' चालतो.

'पडणं' मध्ये कर्ता नसतो. कुणी ठरवून ठेवलेलं नाही, बोलता बोलता रूढ झालं. याला 'वॉज नेम्ड' लिहिलं तर कुणीतरी बसून ठरवलं असा भास होतो. "केम टू बी कॉल्ड" किंवा "केम टू बी नोन ॲज" लिहा. टोपणनाव पडलं असेल तर 'निकनेम्ड' आहेच. या शब्दाचा जन्म मला फार आवडतो: जुन्या इंग्रजीत 'ईक' म्हणजे 'शिवाय, जादा', म्हणून 'ॲन ईक-नेम' म्हणजे जादाचं नाव. भराभर बोलताना 'ॲन' मधला न पुढच्या शब्दाला चिकटला आणि 'अ नेक-नेम', पुढे 'अ निकनेम' झालं. नाव पडणं म्हणतात ते खुद्द त्या शब्दाच्याच बाबतीत घडलं.

'नावं ठेवणं' हे अनेकवचन झालं की अर्थ फिरतो, हे आपल्याला माहीत आहे. इंग्रजीतही अनेकवचनाने असाच अर्थ फिरतो: 'कॉल समवन नेम्स' म्हणजे शिवीगाळ करणं, चिडवणं. पण दोन्ही एक नव्हेत. आपली नावं ठेवणं म्हणजे खोड काढणं, दोष दाखवणं. त्यासाठी 'क्रिटिसाइज' किंवा 'फाइंड फॉल्ट विथ'. 'दे कॉल्ड माय वर्क नेम्स' असं वाक्य लिहू नका, शिव्या माणसाला दिल्या जातात, कामाला नाही.

आणि 'नावावरून'. "द युनिट इज नेम्ड ऑन द नेम ऑफ जेम्स वॉट" हे शब्दशः मराठी आहे. इंग्रजीत "नेम्ड आफ्टर जेम्स वॉट", अमेरिकेत "नेम्ड फॉर" सुद्धा. 'नावाचा' हाही त्याच घरातला: 'अ प्रोग्रॅम बाय नेम अमुक' ऐवजी 'अ प्रोग्रॅम कॉल्ड अमुक' किंवा 'नेम्ड अमुक'. दोन्ही चालतात.

समानार्थी यादीतून शब्द उचलण्याआधी

पीटर मार्क रोजे यांनी १८५२ मध्ये त्यांचा थिसॉरस छापला तेव्हा शब्द कल्पनेनुसार एकत्र लावले आणि अर्थ दिले नाहीत. ज्याला ते शब्द आधीच माहीत आहेत पण ऐनवेळी आठवत नाहीत, त्याच्या मदतीसाठी ती रचना होती. आजच्या समानार्थी याद्याही तशाच. आपण मात्र न ओळखलेला शब्द तिथून उचलतो. या कुटुंबात तर प्रत्येक शब्दाचा स्वभाव इतका वेगळा आहे की असं करणं धोक्याचंच.

'डब' बघा. जुना अर्थ खांद्यावर तलवारीचा स्पर्श करून एखाद्याला नाइट करणं. त्यातून नवं बिरुद देणं, आणि आज चटकदार, लक्षात राहणारं नाव देणं. १९७६ मध्ये सोव्हिएत लष्कराच्या वृत्तपत्राने मार्गारेट थॅचर यांना 'आयर्न लेडी' म्हटलं, ते 'डब्ड'. फ्रेड हॉइल यांना विश्वाच्या आरंभस्फोटाचा सिद्धान्त मान्य नव्हता, तरी १९४९ मधल्या रेडिओवरच्या भाषणात त्याला 'बिग बँग' हे नाव त्यांनीच वापरलं. तेही 'डब्ड'. दोन्ही नावं विरोधकांची, दोन्ही टिकली. 'डब' ला अशी थोडी नाट्यमयता लागते. "द सेकंड कॉलम इज डब्ड टोटल" यात ती नाही, तिथे 'लेबल्ड' हवं. चित्रपटांचं डबिंग याच्याशी संबंधित नाही, तो 'डबल' चा तुकडा आहे.

'क्रिसन' चा अर्थ मुळात ख्रिस्ती करणं, म्हणजे बाप्तिस्मा देताना नाव ठेवणं. उच्चारात टी नाही. त्या विधीबाहेर तो जहाज पाण्यात सोडताना होणाऱ्या समारंभासाठी, किंवा प्रेमाने, थोड्या थाटात ठेवलेल्या नावासाठी येतो. फोल्डरला तो शोभत नाही.

'टर्म' हा अभ्यासकांचा शब्द. एखाद्या गोष्टीला विशिष्ट पारिभाषिक संज्ञा दिली की 'टर्म्ड', आणि मागे 'ॲज' नाही. 'कॉइन' त्याच्या शेजारचा, पण त्याचं कर्म वस्तू नसते, शब्द असतो. १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी 'डायनोसॉरिया' हा शब्द घडवला. "ओवेन कॉइन्ड द वर्ड" बरोबर. "ओवेन कॉइन्ड द ॲनिमल्स" चूक. प्राणी घडवले जात नाहीत, त्यांना 'नेम' करतात.

'डेझिग्नेट' मध्ये अधिकार आणि पद्धत आहे. ज्याच्याकडे नेमून देण्याचा हक्क आहे तो ठरवतो, आणि बरेचदा नाव न देता क्रमांक किंवा खूण देतो. जगातल्या सर्वांत उंच शिखराला सर्वेक्षणाच्या नोंदीत आधी 'पीक फिफ्टीन' म्हणत: "इट वॉज डेझिग्नेटेड पीक फिफ्टीन". १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने एव्हरेस्ट हे नाव मान्य केलं: "इट वॉज नेम्ड आफ्टर जॉर्ज एव्हरेस्ट". तिबेटी लोक त्याला त्याआधीपासून चोमोलुंग्मा म्हणत आले आहेत: "तिबेटन्स कॉल इट चोमोलुंग्मा". एकाच डोंगरावर तिन्ही क्रियापदं, आणि एकाचीही अदलाबदल करता येत नाही. प्लूटोचंही तसंच. १९३० मध्ये सापडला, व्हेनिशिया बर्नी या ११ वर्षांच्या मुलीने सुचवलेलं नाव ठेवलं, तर 'नेम्ड'. २००६ मध्ये त्याला बटुग्रहांत टाकलं, तर 'रीक्लासिफाइड ॲज अ ड्वार्फ प्लॅनेट'. यातला 'ॲज' काढता येत नाही. त्याच वर्षी त्याला १३४३४० हा क्रमांक मिळाला. नाव मात्र तेच राहिलं, म्हणून 'रीनेम्ड' लिहिणं साफ चूक, आणि हे मी छापील मजकुरात वाचलं आहे.

'ब्रँड' चा मूळ अर्थ जळतं लाकूड, मग तापलेल्या लोखंडाचा डाग. माणसाच्या बाबतीत तो आजही डागच आहे: "ब्रँडेड अ लायर", म्हणजे खोटारडा ठरवलं. 'स्टाइल' म्हणजे बिरुद लावणं, आणि 'सेल्फ-स्टाइल्ड' म्हणजे स्वयंघोषित. 'सो-कॉल्ड' कडे तर विशेष लक्ष द्या. 'ज्याला असं म्हणतात' या सरळ अर्थाने आपल्याकडचे लोक तो लिहितात. इंग्रजी वाचक तो बहुतेक वेळा 'तथाकथित' असा वाचतो. "द सो-कॉल्ड सेफ्टी स्विच" म्हणजे सुरक्षेचा म्हणवणारा, पण भरवसा नसलेला स्विच. माहितीपुस्तिकेत हे वाक्य गेलं तर कुणाला त्या स्विचवर हात ठेवावासा वाटेल?

'एन्टायटल' बद्दल थोडक्यात: पुस्तकाला शीर्षक देणं आणि हक्क देणं असे त्याचे दोन अर्थ आहेत, शीर्षकासाठी 'टायटल्ड' वापरलं की गोंधळच होत नाही.

लेबल, टॅग, मार्क

इथे सॉफ्टवेअरमधले लोक सर्वांत जास्त अडखळतात, कारण हे सगळे शब्द त्यांच्या पडद्यावर रोज असतात. 'लेबल' मुळात फितीचा तुकडा. वाचणाऱ्याला आत काय आहे ते कळावं म्हणून बाहेर लावलेली चिठ्ठी. 'टॅग' लोंबणारा, जोडलेला, एका वस्तूला कितीही. 'मार्क' म्हणजे चिठ्ठी न लावता थेट वस्तूवर केलेली खूण: "द बॉक्स वॉज मार्क्ड फ्रॅजाइल."

वेबपानाच्या फॉर्ममध्ये हा फरक अगदी उघड दिसतो. एका रकान्याला 'नेम' असतं, ते सर्व्हरकडे जातं, माणसाला दिसत नाही. त्याच रकान्याला 'लेबल' असतं, ते माणसासाठी. 'नेम' बदललं तर प्रोग्रॅम बिघडू शकतो, 'लेबल' बदललं तर फक्त दिसणारे शब्द बदलतात. इंग्रजी वाक्यांतही हीच जाणीव ठेवा: नाव वस्तूचं असतं, लेबल वाचणाऱ्यासाठी असतं. म्हणून बटणावर लिहिलेल्या शब्दांबद्दल सांगताना "द बटन नेम्ड सेव्ह" पेक्षा "द बटन लेबल्ड सेव्ह" लिहा. स्पेलिंगपुरतं: 'लेबल्ड' मध्ये ब्रिटिश इंग्रजीत दोन एल, अमेरिकनमध्ये एक. 'टॅग्ड' मध्ये दोन्हीकडे दोन जी. एका मजकुरात एकच पद्धत पाळा.

माणसांना लेबल लावलं की मात्र तो शब्द लगेच कडवट होतो. "शी वॉज लेबल्ड डिफिकल्ट" यात बोलणाऱ्याची नाराजी आहे, तिच्यावर अन्याय झाला असं तो सुचवतो. नुसतं सांगायचं असेल तर 'डिस्क्राइब्ड ॲज'.

एक उतारा, जवळून

मागच्या महिन्यात आलेल्या मजकुराच्या धर्तीवर एक उतारा बांधते: "द कंट्रोल युनिट, विच इज कॉल्ड ॲज ब्रेन बाय ऑपरेटर्स, इज नेम्ड ॲज सी-१ ऑन द ड्रॉइंग. इन द सॉफ्टवेअर इट्स नेम इज केप्ट ॲज मेन कंट्रोलर. द सो-कॉल्ड रीसेट बटन इज डब्ड ॲज आर-४."

आता प्रत्येक ठिकाणी मराठीत विचारायचं: नेमकं काय झालं? यंत्र चालवणाऱ्यांमध्ये त्याला 'ब्रेन' हे नाव पडलं. तर 'निकनेम्ड द ब्रेन', आणि 'ॲज' गेला. आराखड्यावर अधिकाराने खूण नेमून दिली, तर 'डेझिग्नेटेड सी-१'. सॉफ्टवेअरमध्ये नाव ठेवलं, तर 'इट इज नेम्ड मेन कंट्रोलर'. बटणाबद्दल कसलीही शंका नाही, तर 'सो-कॉल्ड' काढा. आर-४ ही बटणावरची चिठ्ठी आहे, तर 'लेबल्ड आर-४'. झालेलं वाक्य: "द कंट्रोल युनिट, निकनेम्ड द ब्रेन बाय ऑपरेटर्स, इज डेझिग्नेटेड सी-१ ऑन द ड्रॉइंग. इन द सॉफ्टवेअर इट इज नेम्ड मेन कंट्रोलर. द रीसेट बटन इज लेबल्ड आर-४." शब्द कमी झाले, आणि चार नावं कुणी, कुठे, कशासाठी दिली ते चार क्रियापदांतच कळलं.

आणि तरीही शंका राहिली तर? 'कॉल' वापरा. तो साधा आहे, नम्र आहे, कुठेही बसतो, आणि तोच तोच शब्द दोनदा आला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. विविधतेसाठी आणलेला चुकीचा 'क्रिसन' वाचकाला जास्त अडवतो.

मजकूर पाठवण्याआधी शोधाच्या खिडकीत 'कॉल्ड ॲज', 'नेम्ड ॲज', 'टर्म्ड ॲज', 'डब्ड ॲज', 'नेम इज केप्ट' आणि 'सो-कॉल्ड' असे सहा शोध घ्या. पहिल्यात कुणाला बोलावलेलं नसेल तर 'ॲज' काढा. दुसऱ्यात नाव घेतलं आहे की ठेवलं आहे ते पाहा. तिसऱ्या-चौथ्यात न विचारता काढा, पाचव्यात वाक्य नव्याने लिहा, सहाव्यात 'तथाकथित' म्हणायचं होतं का ते स्वतःला विचारा. मला स्वतःला मोठ्या पुस्तिकेसाठीही याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.